वापसा, धुरा आणि दहा आज्ञा

बायबलमधलं मोशेचं नियमशास्त्र कोरडवाहू शेती करणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, ही गोष्ट शहरात बसून ते वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे लोकांना स्पष्टच बजावतो की तुम्ही सोडून आलात तो मिसर देश पाटाच्या पाण्याचा होता. आता जाताय तो देश आभाळाकडे बघून जगणारा आहे. पेरणीचा पाऊस वेळेवर पडला आणि शेवटचा चुकला नाही तर घरात दाणे येतील, नाहीतर नाही. वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीन, तूर, थोडा कपाशीचा पेरा, आणि बहुतेक सगळं पावसाच्या भरवशावर. या आज्ञा ज्यांनी वऱ्हाडात आणल्या ते अमेरिकन मिशनरी होते. पण ज्या बैलाबद्दल, धुऱ्याबद्दल, मजुरीबद्दल आणि सरव्याबद्दल त्या बोलतात, ते सगळं इथे आधीपासूनच होतं.

ख्रिस्ती समाज इथे मात्र अगदी थोडा. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक 10 लाख 80 हजार होते, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही, आणि त्यातलेही पुष्कळ मुंबई-वसई-पुणे-नगरकडचे. वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे 12 लाख, आणि त्यात ख्रिस्ती घरं शोधावी लागतील एवढीच. जिल्हा नवा आहे, 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला. पण इंग्रजांच्या काळात ‘बाशीम’ हा स्वतंत्र जिल्हा होताच, तो 1905 साली मोडून अकोल्यात घातला गेला. त्या जुन्या बाशीममध्ये मेथडिस्ट मिशनचं ठाणं होतं. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी वऱ्हाडाची दाणादाण उडवली, तेव्हा आईबाप गमावलेली कितीतरी मुलं अशा मिशनच्या कंपाउंडांत वाढली. पुढे 1930च्या दशकात वाशीमचं काम ‘चर्च ऑफ द नाझरीन’ या मंडळीकडे गेलं. ही मंडळी तशी तरुण. तिची रीतसर स्थापना 1908 साली टेक्सासमध्ये झाली, पण मूळ जुनंच, जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीतलं. डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 साली भारतात आल्या आणि 1938 साली त्यांनी वाशीममध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. रेनॉल्ड्स हे या मंडळीच्या परदेशी कामाचे पहिले मोठे सूत्रधार. वाशीमकरांच्या तोंडी मात्र ते मिशनचा दवाखाना. आसपासच्या खेड्यांतल्या कितीतरी लोकांचा ख्रिस्ती धर्माशी पहिला संबंध आला तो त्या दवाखान्याच्या ओट्यावर, प्रवचनातून नव्हे.

आता ‘आज्ञा’ म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. दहा आज्ञा ‘निर्गम’च्या विसाव्या अध्यायात येतात आणि थोड्या फरकानं ‘अनुवाद’च्या पाचव्या अध्यायात पुन्हा येतात. संडे स्कूलमधली मुलं त्या पाढ्यासारख्या घडाघडा म्हणतात. गंमत अशी की दहा हा आकडा सगळ्यांना मान्य असला तरी मोजणी एक नाही. मूर्ती करू नये ही वाशीमच्या मंडळीत दुसरी आज्ञा. वसईच्या कॅथलिक घरात ती पहिलीचाच भाग, आणि तिथे दहाचा मेळ बसवायला शेवटची लोभाची आज्ञा दोन भागांत विभागतात. म्हणून व्यभिचाराची आज्ञा कितवी असं विचारलं तर वाशीमचं पोरगं सातवी म्हणेल आणि वसईचं सहावी. दोघंही बरोबर.

पण दहा म्हणजे सगळ्या नव्हेत. ज्यू परंपरा मोशेच्या नियमशास्त्रात 613 आज्ञा मोजते. त्यातल्या यज्ञयाग, खाणंपिणं, शुद्धाशुद्ध यांविषयीच्या आपल्याला बंधनकारक नाहीत असं ख्रिस्ती लोक मानतात. उरलेल्यांचं सार म्हणून येशूनं दोनच सांगितल्या: देवावर सर्वस्वानं प्रेम कर, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखं कर. यातली दुसरी आज्ञा त्याची स्वतःची नाही, ती ‘लेवीय’च्या एकोणिसाव्या अध्यायातली आहे. तो अध्याय उघडून बघितला की दिसतं, शेजाऱ्यावरच्या प्रेमाच्या जरा वरच लिहिलंय: शेताचे कोपरे कापून नेऊ नका, गळालेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. त्याच्याखाली: मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. म्हणजे ज्या प्रेमाचं प्रवचनात एवढं कौतुक होतं, ते मुळात शेताच्या कडेला आणि संध्याकाळच्या हिशेबात ठेवलेलं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि वऱ्हाडातल्या मंडळ्यांनी या अध्यायाकडे जितकं बघायला हवं होतं तितकं बघितलं नाही असंही वाटतं. का, ते पुढे येईलच.

रविवारपासून सुरुवात करू, कारण ख्रिस्ती माणूस गावात सगळ्यांत आधी ओळखू येतो तो रविवारी. सात दिवसांतला एक दिवस काम बंद, ही आज्ञा. ज्यूंचा शनिवार, ख्रिस्ती मंडळीनं येशूच्या पुनरुत्थानाचा म्हणून रविवार धरला. आता जूनचा महिना घ्या. मृग लागलाय, दोन-तीन दिवस चांगला पाऊस झालाय, शनिवारी उघडीप, आणि रविवारी सकाळी रानात पाय ठेवला तर वापसा आलेला, म्हणजे ओल पेरणीला अगदी बेताची. काळ्या जमिनीत हा मेळ फार वेळ टिकत नाही. पुन्हा पाऊस आला तर चिखल, ऊन तापलं तर वरचा थर कडक. ट्रॅक्टरवाला तर गावात एकच, आणि त्याचा नंबर आज लागलाय. अशा वेळी पाळक साहेबांना जो प्रश्न विचारला जातो तो धर्मशास्त्राच्या कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड असतो: “पाळक साहेब, वापसा काय सोमवारलोक थांबते?”

थांबत नाही, हे पाळकालाही ठाऊक असतं. बहुतेक पाळक शेतकऱ्याच्याच घरातले. काही मंडळ्यांत पेरणीच्या दिवसांत उपासना पहाटे उरकतात, काही ठिकाणी रात्री ठेवतात. काही कडक माणसं मात्र खरोखर पेरत नाहीत, आणि पीक साधलं तर साक्ष देतात. फसलं तर गप्प राहतात. येशूवर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा हा विश्रांतीचा दिवस, मोडल्याचा आरोप वारंवार झाला, तेव्हा त्यानं विचारलं होतं की तुमचा बैल शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडला तर लगेच काढणार नाही काय? हा युक्तिवाद शेतकऱ्याचा आहे. दवाखान्यानं तर तो रोजच चालवला. बाळंतीण किंवा सापाचा दंश वार बघून येत नाही, त्यामुळे मिशनच्या दवाखान्याला रविवार कधी पूर्ण पाळता आला नाही, आणि त्याबद्दल कुणी पश्चात्ताप केल्याचं ऐकिवात नाही.

या आज्ञेतली दुसरी गोष्ट मात्र वऱ्हाडात पुरेशी बोलली गेली नाही. विश्रांती कुणाकुणाला द्यायची याची यादी मोशेनं दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, परका, आणि बैल व गाढव. ‘निर्गम’मध्ये कारण दिलंय की देवानं सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’मध्ये तीच आज्ञा येते तेव्हा कारण बदललेलं असतं: तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता, तेव्हा तुमच्या गड्यालाही तुमच्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे. म्हणजे ही आज्ञा मालकाच्या उपासनेइतकीच गड्याच्या सुट्टीची आहे. वऱ्हाडात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत चालतं. त्यात आठवड्याची सुट्टी हा मुद्दा आजही रीतसर नसतो. बैलाला निदान पोळ्याचा एक दिवस मिळतो, त्याच्या खांद्याला तूपहळद लागते, गड्याच्या खांद्याला तेही नाही. महाराष्ट्रात कामगाराला रविवारची हक्काची सुट्टी मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 1884पासून सभा, अर्ज, मोर्चे करत शेवटी 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. लोखंडे सत्यशोधक. रविवार खंडोबाचा, असंही त्यांनी मालकांपुढे मांडलं. मोशेनं मागितलेली गोष्ट खंडोबाच्या नावानं मिळाली, तीही गिरणीपुरती. शेतावर ती अजून यायची आहे.

यावरून मजुरीचा विषय निघतो. मोशेच्या शास्त्रात मजुरीचा नियम एवढा स्पष्ट आहे की त्यातून पळवाट नाही: सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलाय. नव्या करारात याकोब आपल्या पत्रात हाच सूर आणखी चढवतो. दाबून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी पोचतो, असा त्याचा आशय. वऱ्हाडात निंदण-खुरपणाची, सोयाबीन सोंगायची मजुरी बहुधा बाजाराच्या दिवशी देतात, म्हणजे आठवड्याचा चुकारा. तो वेळेवर झाला तर मोशेच्या नियमाचा अर्थ पाळला गेला असं म्हणायला हरकत नाही, कारण मजुराचा खर्चही बाजाराच्याच दिवशी असतो. पण “सोयाबीन विकलं की देतो” हे वाक्य सुरू झालं की आज्ञा मोडली. मालक ख्रिस्ती असो वा आणखी कुणी, हे वाक्य वऱ्हाडात फार ऐकू येतं. मालकाचाही दोष दरवेळी नसतो. 2024-25 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली माल जात होता. तरी मजुरीचा नियम भावावर अवलंबून ठेवायला मोशे तयार नाही.

सरव्याचंही तसंच. सोंगणी होऊन गंजी लागली की बाया-पोरं रानात सरवा वेचायला जातात. तुटलेल्या शेंगा, गळालेले दाणे, दिवसभर वाकून दोन-चार किलो होतात. रूथ नावाची विधवा, परदेशी, सासूला घेऊन आलेली, अशाच सरव्यावर जगली, आणि बायबलनं तिच्या नावानं एक आख्खं पुस्तक ठेवलं. तिची गोष्ट वऱ्हाडातल्या बायकांना जवळची वाटते याचं कारण उघड आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायचा ध्यास घेतला, तो साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. 1922 साली त्या गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालं होतं. आता हार्वेस्टर आलंय, आणि काही शेतकरी सरवाही स्वतःच वेचून घेतात किंवा रानात शिरू देत नाहीत. कायद्यानं त्यांना कुणी अडवू शकत नाही. ‘लेवीय’च्या एकोणिसाव्या अध्यायात मात्र अडवलेलं आहे.

आणि धुरा. दोन शेतांमधली जी मातीची पट्टी, तिला वऱ्हाडात धुरा म्हणतात. तिच्यावर बोरी-बाभळी असतात, गवत असतं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं असतात. धुरा एका रात्रीत कुणी सरकवत नाही. नांगरताना शेवटचं तास जरा आत घ्यायचं, पुढच्या वर्षी आणखी एक वीत, ट्रॅक्टर वळवताना चाक पलीकडे. याला धुरा कोरणं म्हणतात. दहा वर्षांत एक-दीड हात जमीन इकडून तिकडे जाते, मधली बाभळ जी धुऱ्याच्या मधोमध होती ती आता शेजाऱ्याच्या काठावर उभी दिसते, आणि मग कुणीतरी मोजणीचा अर्ज करतो. भूमी अभिलेखचा माणूस येतो, खुणा रोवतो, त्या पुढच्या पावसाळ्यात हलतात. दिवाणी दावा लागला तर नातवापर्यंत चालतो. मग एखाद्या सकाळी पेरणीच्या वेळी दोन भाऊ कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर उभे राहतात. सहावी आज्ञा, खून करू नको, ही खेड्यात मोडली जाते ती बऱ्याचदा अशी धुऱ्यावरून.

मोशेनं नेमकी हीच गोष्ट आधी पकडली होती. पूर्वजांनी रोवलेली शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नको, ही आज्ञा ‘अनुवाद’मध्ये आहे, आणि पुढे सरकवणाऱ्याला जाहीर शापही आहे, ज्यावर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं. नीतिसूत्रांत अनाथाच्या शेतात घुसू नये म्हणून वेगळी ताकीद आहे. दहा आज्ञांतली चोरीची, लोभाची आणि खुनाची, तिन्ही या एका धुऱ्यावर येऊन मिळतात. शिवाय प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला झापलं होतं की तुम्ही भाऊ-भाऊ असून कोर्टात कसे जाता, आपल्यातला एखादा शहाणा माणूस निवाडा करायला मिळत नाही काय? वेस्लीनंही आपल्या लोकांना हीच बंदी घातली. वऱ्हाडातल्या एखाद्या मंडळीनं फक्त एवढं ठरवलं असतं की आमचा माणूस धुरा कोरणार नाही आणि धुऱ्यासाठी कोर्टात जाणार नाही, तरी आख्ख्या तालुक्यानं ख्रिस्ती म्हणजे काय ते ओळखलं असतं.

ठरवलं ते दुसरंच. त्याची मुळं 1743 सालात आहेत. त्या वर्षी वेस्लीनं आपल्या मेथडिस्ट गटांसाठी नियमावली काढली. तिचे भाग तीन: वाईट करू नका, चांगलं करा, आणि देवाची उपासना चुकवू नका. पहिल्या भागात बारीक यादी आहे. ती त्या काळच्या इंग्लंडातल्या खाण-कामगारांना आणि दुकानदारांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली. दारू पिऊ नका, विकू नका. जकात चुकवलेला माल घेऊ नका. अवाच्या सवा व्याज लावू नका. फेडण्याची शक्यता नसताना उधार उचलू नका. सोनं आणि भारी कपडे घालू नका. खरेदी-विक्रीत जास्त शब्द वापरू नका, म्हणजे घासाघीस नको! हा शेवटचा नियम वाशीमच्या बाजारात कुणी पाळला असता तर घरच्यांनी त्याला पुन्हा भाजी आणायला पाठवलं नसतं.

नाझरीन मंडळीनं हा वारसा पुढे नेला. तिचा भर पवित्र जीवनावर. दारू नाही, तंबाखू नाही, जुन्या काळी सिनेमाही नाही, दागिन्यांचा थाट नाही. यातली दारूबंदी वऱ्हाडात खरोखर उपयोगी पडली. ज्या घरात बाप मजुरीचे पैसे गुत्त्यावर टाकून येत होता त्या घरात बापानं बाप्तिस्मा घेतला म्हणजे पहिल्यांदा पोरांच्या पायात चपला आल्या, ही साक्ष खेड्यापाड्यांतल्या उपासनांत पुन्हा पुन्हा दिली जाते, आणि ती खोटी वाटत नाही. दागिन्यांचा नियम मंगळसूत्रापाशी येऊन अडला. काळे मणी काढायला बायका तयार होईनात. काढले असते तर गावानं विधवा धरलं असतं. मराठी ख्रिस्ती बाईच्या गळ्यात आज काळे मणी आणि त्यात छोटासा क्रूस दिसतो. ही तडजोड बायकांनीच केली, कुठल्याही परिषदेनं नव्हे.

आणि खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून विदर्भात जो दिला जातो, तो पानठेल्यावरून उपासनेच्या दारापर्यंत येतो, तिथे थुंकला जातो, आणि मग आत प्रार्थना. तंबाखूचा उल्लेख बायबलमध्ये कुठेच नाही. अमेरिका सापडण्याआधी तो बायबलच्या प्रदेशात नव्हताच. शरीर हे देवाचं मंदिर आहे, या पौलाच्या विचारावरून तो वर्ज्य ठरतो. तोंडाच्या कर्करोगाचं विदर्भातलं प्रमाण बघता नियम चांगलाच आहे. माझं दुखणं वेगळं आहे. खर्रा डोळ्यांना दिसतो, ओठ लाल होतात, पाळकाला पकडता येतो. धुरा कोरलेला दिसत नाही. म्हणून शिस्त लागायची ती खर्ऱ्याला लागते. येशूनं परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यूंना, हेच सुनावलं होतं की पुदिन्या-जिऱ्याचा दहावा हिस्सा मोजून देता आणि न्याय, दया विसरता.

दहाव्या हिश्शाचं निघालंच आहे तर दशांशाकडे वळू. उत्पन्नाचा दहावा भाग देवाला, ही जुन्या कराराची रीत. नाझरीन आणि इतर बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या ती आजही शिकवतात. नोकरदाराला हिशेब सोपा, पगाराची पावती असते. शेतकऱ्यानं कशाचा दहावा द्यायचा? समजा पाच एकर सोयाबीन आहे, एकरी सहा क्विंटल झालं, भाव 4,200 मिळाला. हातात 1 लाख 26 हजार आले. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सोंगणी, मळणी, ट्रॅक्टर मिळून एकरी वीस हजार धरले तर एक लाख गेले. उरले 26 हजार. आलेल्या पैशांचा दशांश काढला तर 12,600, म्हणजे वर्षाच्या कमाईतला जवळजवळ निम्मा वाटा. उरलेल्याचा काढला तर 2,600. मोशेच्या काळी बियाणं घरचं होतं आणि डिझेल नव्हतं, त्यामुळे हा प्रश्न त्यालाही पडला नसावा. बरेच शेतकरी उरलेल्याचा काढतात, काही जण पैसे न देता धान्य देतात. कापणी झाल्यावर हंगामाचा सण करतात, त्या दिवशी मंडळीत ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोंबड्या, अंडी वेदीपुढे येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एका भोपळ्यावर बोली चढत जाते, घेणारा तो पुन्हा दान करतो, पुन्हा बोली. तिथे वेस्लीचा घासाघिशीचा नियम उलटा पाळला जातो: विकत घेणाराच भाव वाढवतो.

या पैशांतून पाळकाचा पगार निघतो. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधू नका, ही ‘अनुवाद’मधली आज्ञा पौलानं थेट सुवार्तिकांच्या पोटापाण्याला लावली आहे. खेड्यातल्या पाळकांना ते वचन तोंडपाठ असतं, पण स्वतःहून ते क्वचितच वाचून दाखवतात.

शेजाऱ्यांच्या देवाधर्माचा प्रश्न दशांशापेक्षा नाजूक. वाशीम हे बालाजीचं गाव, पोहरादेवी बंजारा समाजाचं मोठं तीर्थ, कारंजा दत्तसंप्रदायाचं, शिरपूर जैनांचं. वर्षभर कुठे ना कुठे महाप्रसाद असतो, मरीआईला किंवा दर्ग्यावर बोकड पडतो आणि शेजाऱ्याचं जेवायला बोलावणं येतं. जावं की न जावं? पौलापुढे करिंथमध्ये हाच प्रश्न आला होता, कारण तिथल्या बाजारातलं मांस बऱ्याचदा देवळातून आलेलं असे. त्यानं दिलेलं उत्तर खेड्यात राहणाऱ्याला उपयोगी आहे. मूर्ती म्हणजे काही नव्हे, तेव्हा बोलावलं तर जा, वाढतील ते न विचारता खा. मात्र पूजेतच भाग घेऊ नको, आणि तुझ्या खाण्यानं एखाद्या नव्या भावाचं मन डळमळत असेल तर त्याच्यासाठी सोडून दे. प्रत्यक्षात घरोघरी वेगवेगळं चालतं. आजी प्रसाद घेऊन बाजूला ठेवते, नातू खातो, सून हात जोडून “आम्ही घेत नाही” म्हणते. मायबाप अजून हिंदू किंवा बौद्ध असतील तर बापाच्या तेरवीला मुंडण करायचं की नाही हा पेच येतो, आणि तिथे पहिली आज्ञा आणि आईबापांचा मान ठेवायची आज्ञा समोरासमोर उभ्या राहतात. बहुतेक मुलं जेवणाचा खर्च करतात, सगळ्या भावकीचं करतात, पूजेला बसत नाहीत. भावकी चार दिवस बोलते.

या सगळ्याहून जड पेच नवव्या आज्ञेचा, खोटी साक्ष देऊ नको. वऱ्हाडातल्या बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतले, महार-मांग समाजातले. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. अनुसूचित जमातीला ही अट नाही, म्हणून मेळघाटातला कोरकू ख्रिस्ती झाला तरी त्याचा दाखला कायम राहतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण शिष्यवृत्ती, राखीव जागा, अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षण हे सगळं बदलतं. वस्ती बदलत नाही, विहिरीवरच्या नजरा बदलत नाहीत, कागद तेवढा बदलतो. म्हणून कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर जुनी जात आणि जुना धर्म राहिला, आणि रविवारी नाव दुसरं.

हे खोटं आहे काय? कायद्याचं उत्तर कठोर आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका ख्रिस्ती बाईंच्या खटल्यात सांगितलं की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे. दुसऱ्या बाजूनं, या आदेशातला धर्माचा भेदच अन्यायाचा आहे असं म्हणणाऱ्या याचिका त्याच न्यायालयात 2004पासून पडून आहेत, आणि केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आयोग नेमला. आयोगाला दोन वर्षं दिली होती, मग मुदत वाढवली.

दरम्यान दर जूनमध्ये प्रवेशाचे दिवस येतात. सेतू केंद्रावर रांग लागते, आणि आईबाप पाळकाकडे येऊन विचारतात की रकान्यात काय लिहू. काही पाळक म्हणतात, खरं लिहा, देव बघून घेईल. काही म्हणतात, ज्या राज्यानं माणसाच्या श्रद्धेवर त्याची गरिबी मोजायचं ठरवलं, खोटेपणा त्यानं आधी केला. तुमच्या पोरीचं शिक्षण थांबवू नका. काही पाळकांची स्वतःची मुलं त्याच रांगेत असतात.